पालथी ऐरण

१

डिंगोऱ्याच्या सयाजी लोहाराचा दिवस शिवीनं उजाडायचा. भट्टीतली राख ओढायची, कोळसा भरायचा, भात्याची दोरी ताणून बघायची आणि समोरच्या आगगाडीच्या रुळाच्या तुकड्याकडं डोळे वटारून थोरल्या भावाच्या नावानं एक कचकचीत शिवी हासडायची. त्याशिवाय त्याच्या हातात जोरच येत नसे. त्याची बायको साळुबाई म्हणायची, "लोकं सकाळी देवाचं नाव घेत्यात, आमच्या घरी थोरल्या दादांचं घेत्यात."

तो रुळाचा तुकडा त्यानं तळेगावाकडच्या एका मुकादमाच्या हातापाया पडून आणला होता आणि नऊ वर्षं त्याच्यावरच फाळ, कुऱ्हाडी, खुरपी ठोकत होता. लोहाराच्या घरात जन्मून रुळावर ठोकायचं, म्हणजे पाटलानं दुसऱ्याच्या ओट्यावर बसण्यासारखं. घण पडला की रूळ नुसता केकाटायचा आणि सयाजीचं डोकं उठायचं. त्यांची खरी ऐरण, पणज्यापासून चालत आलेली, दोन मणांची, शिनोलीला थोरल्या रखमाजीकडं होती. बाप भिमाजी गेला तेव्हा सयाजीनं ती मागितली. रखमाजी नाही म्हणाला. का नाही, ते सांगितलं नाही. दोघं भाऊ त्यानंतर एकमेकांच्या दारात गेले नव्हते.

एकोणीसशे आठ सालच्या वैशाखात, औतं दुरुस्त करायची घाई चालू असताना, गावातला संपत आपला फाळ घेऊन लोहारसाळेत आला. तो नुकताच भीमाशंकराला जाऊन आला होता आणि वाटेत शिनोलीला मुक्काम केला होता.

"सयाजीराव," तो बसता बसता म्हणाला, "तुमच्या भावाच्या दारात चिंच हाय, तिच्या बुडाला ती ऐरण पडलीया, ती तुमच्या आबांची का वो?"

"पडलीया म्हंजी?"

"पालथी. तोंड मातीत, बूड वर. कंबरंइतकी पुरल्याली. तिच्यावर कोंबड्या बसत्यात."

सयाजीच्या हातातली सांडस खाली पडली. लोहाराच्या घरात माणूस गेलं की ऐरण पालथी घालतात. ती दुखवट्याची रीत. तेराव्याला ती सरळ करतात, हळदकुंकू लावतात आणि काम सुरू होतं. आबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"कोंबड्या बसत्यात," सयाजी हळूच म्हणाला. मग तो उठला आणि त्यानं त्या रुळाला अशी लाथ घातली की पुढं आठ दिवस लंगडत होता.

२

शिनोलीला पोचायला गाडीनं दीड दिवस लागला. सयाजीनं वाटभर मनात भांडण तयार केलं होतं आणि ते त्यानं वेशीपासूनच सुरू केलं.

रखमाजी दारात बैलाच्या खुराला नाल मारत बसला होता. भट्टीचा धंदा त्यानं सोडूनच दिला होता म्हणे. नाल ठोकायचे, ते घोडेगावच्या बाजारातून तयार आणून. लोहारानं तयार नाल आणायचे! सयाजीनं ते बघितलं आणि त्याला भावाची कीव येण्याऐवजी आणखीच चीड आली.

"आबांच्या ऐरणीवर कोंबड्या बसवल्यास? लाज वाटती का?"

"सयाजी, आधी पाणी पी," रखमाजी म्हणाला. तो वाळला होता, पण त्याचे दंड अजून घणकऱ्याचे होते.

"तुझ्या घरचं पाणी मला इख हाय. तुला काम करायचं नव्हतं, मला द्यायची व्हती. नऊ वरसं मी रुळावर ठोकतोय, आन् तू तिला मढ्यावानी गाडून ठेवलीस!"

"त्याला कारन हाय. ज्या दिवशी आबा गेलं, त्या दिवशीचं काम—"

"काम! तुला कामाचं नाव घ्यायचा हक्क हाय का?"

रखमाजीनं हातातला नाल खाली ठेवला. त्याची बायको कुशाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती म्हणाली, "भावजी, ह्यांना बोलू तर द्या. एक डाव ऐका."

"वैनी, नऊ वरसं बोलाया तोंड नव्हतं का ह्याला?"

मग सयाजीनं पहार घेतली आणि चिंचेखाली उकरायला लागला. गावातली चार माणसं मदतीला आली. ऐरण मातीतून वर आली तेव्हा तिच्या तोंडावर गंजाचा कणही नव्हता. नऊ वर्षं मातीत राहून ती लख्ख होती, आदल्या दिवशी काम केल्यासारखी. जातिवंत पोलाद आहे म्हणून, असं सयाजी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला.

गाडीत घालताना रखमाजी जवळ आला. "नेतोस तर ने. पर हात जोडतो सयाजी, सरळ करू नकोस. तशीच पालथी ठेव."

"मग करू काय तिचं? देव्हाऱ्यात ठेवू?" सयाजी खदखदून हसला आणि बैलांना चाबूक दाखवला.

गाडी ओढा उतरली तरी रखमाजी रस्त्यात तसाच उभा होता. त्यानं दोन्ही हात पुढं धरले होते, दांडा धरावा तशी मूठ वळलेली, एक हात वर, एक खाली. आपण काय करतोय हे त्याचं त्याला कळत नसावं. सयाजीला वाटलं, म्हातारपण लवकर आलं ह्याला, बरंच झालं.

३

बाभळीचा नवा ओंडका कोरून त्यात सयाजीनं ऐरण बसवली. सरळ. साळुबाईनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, संपतनं प्रसादाचं खोबरं खाल्लं आणि आपला फाळ पुढं केला.

आता त्या घरातली कामाची पद्धत सांगायला हवी. भिमाजी लोहार कामात तोंड उघडत नसे. बोलायची ती त्याची हातोडी. तापलेलं लोखंड ऐरणीवर आलं की तो लहान हातोडीनं त्यावर एक टिचकी द्यायचा. जिथं टिचकी पडेल तिथं समोरच्यानं घण घालायचा. परत टिचकी, परत घण. काम झालं की हातोडी मोकळ्या ऐरणीवर दोनदा हलकेच वाजवायची. ती थांबायची खूण. त्या दोन टिचक्या पडेपर्यंत घणकऱ्यानं थांबायचं नाही, हात तुटला तरी. चुकला की सांडशीचा तडाखा बसायचा. दोन्ही मुलं चौदा-पंधरा वर्षं त्या हातोडीपुढं उभी राहिली होती. शेवटी एक दिवस सांडस कानावर बसली आणि सयाजी घर सोडून डिंगोऱ्याला आला. बाप मेल्यावर तिसऱ्या दिवशी गेला तो रडायला नव्हे, ऐरण मागायला.

पण पद्धत त्यानं तीच ठेवली. दुसरी येतच नव्हती. त्याच्यासमोर घण घ्यायची साळुबाई. दोन लेकी आणे गावाकडं दिल्यावर घरात दुसरं होतंच कोण? बाई हाडानं दणकट आणि ताल असा पक्का, जशी जात्याची खुंटी फिरावी.

पहिला घण पडला आणि ऐरण बोलली. खोल, भरीव, छातीत उतरणारा आवाज. सयाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचा त्याला राग आला म्हणून तो आणखी जोरात काम करायला लागला. टिचकी, घण. टिचकी, घण. फाळाचं नाक लांबत गेलं. सयाजीनं दोनदा हातोडी वाजवली, साळुबाईनं घण टेकवला, फाळ पाण्यात गेला.

वर काढला तर नाक पत्र्यासारखं पातळ झालेलं.

"कुटं बघून मारत व्हतीस?" सयाजी ओरडला. "दोन घण जास्ती घातलेस!"

"तुमी दावलं, मी मारलं."

"मी दावलंच न्हाई!"

"आवं, टिचकी वाजल्याबिगर मी कधी घण उचललाय का आजवर?" साळुबाईही तापली. "सोताची चूक अन् माज्या माथी?"

संपत एकाकडं बघे, एकीकडं बघे. "ऱ्हाऊ द्या वो," तो म्हणाला. "झाला तो झाला फाळ, आता काय त्याचं." पण सयाजीनं त्या फाळाला नवीन तुकडा जोडून दिला आणि दिवसभर बायकोशी बोलला नाही.

४

दुसऱ्या दिवशी त्यानं कान देऊन काम केलं. टिचकी त्यानं दिली. घण पडला. मग त्यानं हात मुद्दाम वर धरून ठेवला, आणि टिचकी पडली.

ऐरण ओंडक्यात सैल असेल. घण पडल्यावर हलत असेल आणि कडेला वाजत असेल. सयाजीनं पाचरी मारल्या, ओलं गोणपाट ठासलं. टिचकी पडली. मग समोरच्या भिंतीवरून आवाज फिरून येत असेल. त्यानं भिंतीला घोंगडी टांगली. टिचकी पडली. साळुबाईला गप्प उभी करून त्यानं एकट्यानं ठोकून बघितलं, तेव्हा मात्र काही नाही. साधा आवाज, साधी ऐरण. म्हणजे कान वाजतात आपले, तो मनाशी म्हणाला, भट्टीपुढं तीस वर्षं काढल्यावर वाजायचेच. पण मग साळुबाईचे कान नेमके त्याच वेळी कसे वाजतील, ह्या प्रश्नापाशी आला की तो चिडायचा.

चिडायला आणखी एक कारण होतं. ती टिचकी चुकत नव्हती. सयाजीचा हात जिथं क्षणभर रेंगाळे, तिथंच ती पडे आणि नेमकी जिथं पडायला हवी तिथं पडे. आठवड्याभरात त्याच्या साळेतून असे विळे, अशा कुऱ्हाडी बाहेर पडायला लागल्या की लोक हातात घेऊन बघत बसत. "भिमाजी लव्हाराचा हात उतारलाय राव तुमच्यात," लोक म्हणायचे, आणि सयाजी घामाबरोबर ते कौतुक गिळायचा. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, त्याच्या चुका कुणीतरी त्याच्याच ऐरणीवर दुरुस्त करत होतं. ते अधीरपण त्याला ओळखीचं होतं. कान आपोआप दुखायला लागायचा.

त्यानं ते नाव मनात येऊ दिलं नाही. ऐरण माझी आहे, तो म्हणायचा. माझ्या हक्काची आहे.

साळुबाईचे दंड सुजायला लागले. तिच्या घणात आता पूर्वीचा विसावा उरला नव्हता. एकदा सयाजीनं दोनदा हातोडी वाजवली आणि ती थांबली नाही. तिसरा घण पडला, चौथा पडला. लोखंड विझून काळं झालं होतं. सयाजीनं तिचा घण दांड्याला धरून ओढला.

"दोनदा वाजवली मी! भैरी झालीस का?"

"वाजवली असंल," ती धापा टाकत म्हणाली. "पर ती तुमची व्हती."

सयाजीनं घण तिच्या हातातून काढून घेतला. तिनं पदरानं मान पुसली.

५

गुरुवारी सयाजी ओतूरच्या बाजाराला गेला. साळुबाईला सक्त बजावून गेला, साळेत पाय टाकायचा नाही. तीही म्हणाली, मला काय हौस आलीया का?

तिसऱ्या प्रहरी परतला तर गल्लीच्या तोंडाशीच त्याला ऐकू आलं. टिचकी, घण. टिचकी, घण. त्याला आधी वाटलं, कुणी पाहुणा लोहार आलाय आणि आपल्या ऐरणीवर बसलाय. मूठ वळूनच तो आत शिरला.

भट्टी थंड होती. हातोडी तिच्या खुंटीवर टांगलेली होती. साळुबाई एकटी मोकळ्या ऐरणीवर घण घालत होती. तिच्या कपाळाचं कुंकू घामानं ओघळून नाकापर्यंत आलं होतं. ऐरणीवर काहीही नव्हतं आणि प्रत्येक घणासरशी तिच्या पायाशी लोखंडाचे पापुद्रे गळत होते, तापलेल्या लोखंडाचे गळतात तसे. सयाजीनं एक उचलला. त्याची बोटं पोळली.

त्यानं तिला मागून कवेत धरलं आणि उचलून दाराबाहेर नेलं. उंबऱ्याच्या बाहेर येईपर्यंत तिचे हात वर-खाली होत होते. बाहेर आल्यावर घण गळून पडला. दोन्ही तळहात फुटले होते.

"म्या सांगितलं व्हतं ना, पाय टाकू नको म्हणून? सांगितलं व्हतं का न्हाई?" तो तिच्या हातांवर पाणी ओतत होता आणि ओरडत होता. आवाज कापत होता म्हणून आणखीच ओरडत होता.

"मी अंगनात दळत व्हते," साळुबाई म्हणाली. "टिचकी ऐकली. वाटलं तुमी आलाव. आत गेले."

"मग कुनी न्हाई बघून थांबायचं न्हाई?"

"कसं थांबू?" ती त्याच्याकडं बघून रडायला लागली. "बास म्हनलंच न्हाई ना कुनी."

६

आता मात्र सयाजीनं ठरवलं. उजाडताच तो साळेत गेला. गेली कित्येक वर्षं रखमाजीला घातलेल्या शिव्या त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा ज्याच्या त्याला दिल्या.

"आबा," तो ऐरणीपुढं उभा राहून म्हणाला, "जितेपणी मानूस म्हनून वागवलं न्हाईस. कान फोडलास. आता माज्या बायकूचं हात खातोस? बास झालं. पालथी घालतो तुला."

ऐरणीचं वजन दोन मण. पाचरी काढल्या तरी एकट्याला ती ओंडक्यातून निघेना. साळुबाई हाताला फडकी बांधून दारात आली. "मी पहारीनं रेटते. तुमी उचला."

"तू भायेरच ऱ्हा."

"तुमच्यानं निघनार हाय का ती? दोन हात असताना मी बघत ऱ्हाऊ?"

तिचंही खरं होतं. तिनं पहार ओंडक्यात घातली. सयाजीनं वाकून दोन्ही हातांनी ऐरणीला मिठी घातली. लोखंड गार होतं. ती थोडी हलली.

तेवढ्यात त्याच्या डाव्या हाताच्या पाठीवर काहीतरी टेकलं. गार, वजनदार, गोल. दुखलं नाही. इतकं हलकेच टेकलं, जसं दाखवायला टेकतात. आणि टिचकी वाजली.

सयाजीनं वर बघितलं. साळुबाईनं पहार ओंडक्यातून काढून डोक्यावर घेतली होती. तिचे डोळे फाटले होते आणि तोंड ओरडत होतं.

"सरा! आवं, सरा बाजूला! माजं हात ऐकंना झाल्यात!"

तो मागं कोसळला. पहार ऐरणीवर आदळली आणि ठिणगी उडाली. परत टिचकी. पहार परत वर गेली, फडक्यांतून रक्त गळायला लागलं.

त्या क्षणी सयाजीनं हिशेब केला नाही. त्यानं कोपऱ्यातला घण घेतला आणि तिच्या आधी ऐरणीवर घातला. पुढची टिचकी पडली, त्यानं पुन्हा घातला. साळुबाईचे हात हळूहळू खाली आले. पहार तिच्या पायाशी पडली. त्याच्या लक्षात आलं. हातोडीला घण पाहिजे. कुणाचा का असेना.

"जा," तो मारता मारता म्हणाला. "संपतची गाडी घे. लेकीकडं जा, आन्याला. मी हितं उभा हाय तवर तुला बोलवनार न्हाई तो."

"अन् तुमी?"

"मी शिकलोय हे. पंधरा वरसं. तू न्हाईस शिकल्याली. जा म्हनतो ना भवाने!"

साळुबाईनं त्याच्याकडं बघितलं, तोंडात पदर कोंबला आणि निघून गेली.

७

दुपार झाली, परत सकाळ झाली. मध्ये कधीतरी टिचकी विरळ व्हायची, तेव्हा सयाजी घणाच्या दांड्यावर कपाळ टेकून उभा राही. माठातलं पाणी प्यायला दोन पावलं टाकली की टिचकी वाजे. लोक साळेवरून जाताना म्हणत, सयाजीराव लई कामात हाय. संपत दारात भाकरी ठेवून गेला. आत डोकावला, ऐरणीकडं बघितलं, आणि झपाझप निघून गेला.

सयाजीला राग येत होता, आणि तो राग होता म्हणूनच तो उभा होता. त्यानं बापाला ऐकवायचं राहिलेलं सगळं ऐकवलं. कानाचं ऐकवलं. आई तापानं फणफणलेली असताना तिला भात्यावर बसवलं, ते ऐकवलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हळदीच्या अंगानं घण मारायला लावला, ते ऐकवलं. उत्तर म्हणून टिचकी यायची.

चौथ्या दिवशी दुपारी दारात सावली पडली. रखमाजी होता. खांद्यावर त्याचा स्वतःचा घण होता, नऊ वर्षं आढ्यावर पडलेला, दांडा नवा घातलेला.

"साळू आली व्हती शिनोलीला," तो म्हणाला. "कुशापाशी हाय. हात बरं व्हतील तिचं."

"तिला आन्याला जा म्हनलं व्हतं." सयाजीचा घसा बसला होता. घण पडला. "तू कशाला आलास? मजा बघाया?"

"त्या दिवशीचं सांगाया आलो. तू शिव्या देत व्हतास, सांगताच आलं न्हाई." रखमाजीनं पागोटं काढून खुंटीला लावलं. "काम चालू व्हतं. आबांनी टिचकी दिली, मी घण घातला. परत दिली, परत घातला. मंग आबा खाली बसलं. भिताडाला टेकून. डोळं माज्याकडंच. मी वाट बघितली दोन टिचक्यांची. त्यांनी दिल्या न्हाईत. हातोडी हातातच व्हती. मी घण खाली ठेवला अन् पानी आनाया पळालो." त्यानं खांद्यावरचा घण खाली टेकवला. "कुनी थांब म्हनलं नव्हतं सयाजी. मी माज्या मनानं थांबलो."

"बाप मरत व्हता!"

"तुला काय वाटतं, त्यांनी ते ऐकून घेतलं?"

घण पडला. सयाजीला हसू आलं आणि त्या हसण्याचाही संताप आला. नऊ वर्षं ज्याला चोर म्हटलं, त्यानं ऐरण दाबून ठेवली ती कुणासाठी, हे आता कळून काय उपयोग होता? हे एका बैठकीत कळलं असतं. पाणी पिऊन, खाली बसून.

"मग पालथी घालू या," तो म्हणाला. "दोघं हाओत. दोन मण म्हंजी काय!"

"आता न्हाई जमायची. तवा काम थंड व्हतं, म्हनून जमली." रखमाजीनं तळहातांवर थुंकी टाकली. "आता तू तीन दिस तापवलंस."

तो समोर येऊन उभा राहिला, जिथं लहानपणी उभा राहायचा तिथंच. सयाजी नकळत डावीकडं सरकला, जशी दोन घणकऱ्यांत जागा करतात. टिचकी पडली. रखमाजीचा घण पडला, मागोमाग सयाजीचा. पंधरा वर्षांपूर्वीचा ताल एका झटक्यात जमला आणि सयाजीच्या अंगावर काटा आला, कारण हातांना बरं वाटलं होतं.

दोन घण लागताच, लोखंडाला ताव यावा तशी ऐरणीवर लाली धरायला लागली. आधी पुसट, मग भडक. पापुद्रे गळत होते. सयाजीनं इतके दिवस तिथं बघायचं टाळलं होतं. आता खाली मान घातलीच होती, आणि ठिणग्यांच्या उजेडात त्याला पलीकडून सांडस धरलेल्या मुठीचा ओळखीचा अंगठा दिसला आणि सांडशीच्या जबड्यात धरलेलं काय होतं ते अर्धं दिसलं. फाळ नव्हता. लोखंडही नव्हतं.

"बघू नको," रखमाजी म्हणाला. त्याची नजर कुठंच वर उचलत नव्हती. "हातोडीवर ध्यान दे."

"दादा," सयाजी म्हणाला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यानं हा शब्द तोंडातून काढला आणि तो रागानंच काढला. "कधी पुरं व्हायचं हे?"

रखमाजीनं घण वर नेला.

"पुरं?" तो म्हणाला. "आत्ता तर ताव आलाय."